हातातल्या उपकरणावरचा स्पेक्ट्रम एम्युलेटर: पहिल्या आवृत्तीची चाचणी कोणत्या क्रमाने घ्यावी

तुमचा प्रश्न मी असा समजलो आहे. तुम्ही नाशिकमध्ये अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहात. सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम या १९८२ सालच्या संगणकाचा एम्युलेटर, म्हणजे त्या यंत्राची नक्कल करणारा कार्यक्रम, तुम्ही सी भाषेत स्वतः लिहिला आहे, आणि महात्मा गांधी रोडवरून घेतलेल्या एका हातात मावणाऱ्या गेम-उपकरणावर त्याची पहिली आवृत्ती चालू केली आहे. या उपकरणाचा पडदा ६४० बाय ४८० पिक्सेलचा असून त्यात एआरएम प्रोसेसरवर लिनक्स चालते. बहुतेक गेम उघडतात, पण संगीत चढ्या सुरात ऐकू येते, सरकणारे चित्र अडखळते, काही गेम लोड होताना थांबतात, आणि लॅपटॉपवर नीट चालणारे दोन कार्यक्रम उपकरणावर मात्र कोसळतात. मित्रांना ही आवृत्ती वापरायला देण्याआधी ती कशी तपासावी, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नियंत्रण-यंत्रणांचे सॉफ्टवेअर तपासणे हा माझा व्यवसाय आहे आणि जुन्या संगणकांचे एम्युलेटर तपासणे हा माझा अनेक वर्षांचा छंद आहे. या दोन्हींतून माझे एक ठाम मत बनले आहे: कोणत्याही एम्युलेटरमध्ये सर्वप्रथम काळ तपासावा, मग प्रोसेसर, मग चित्र व ध्वनी, आणि गेम सर्वांत शेवटी घ्यावेत. बहुतेक जण नेमके उलटे करतात. ते आवडता गेम लावतात, तो चालला की समाधान मानतात आणि न चालणाऱ्या गेमसाठी कोडमध्ये ठिगळ लावत बसतात. गेम चालणे हा फार कमकुवत पुरावा आहे, कारण एखादा गेम प्रोसेसरच्या निम्म्या सूचनाही वापरत नाही आणि चुकीच्या गतीलाही निमूटपणे जुळवून घेतो.

काळापासून सुरुवात करू. ४८के स्पेक्ट्रममधील, म्हणजे ४८ किलोबाइट रॅमच्या यंत्रातील, झेड८०ए प्रोसेसर ३.५ मेगाहर्ट्झवर चालतो; त्याच्या घड्याळाच्या एका ठोक्याला टी-स्टेट म्हणतात. त्याचा चित्र काढणारा भाग, म्हणजे यूएलए, प्रत्येक रेषेला २२४ टी-स्टेट याप्रमाणे ३१२ रेषा काढतो, म्हणून एका फ्रेमला, म्हणजे एका पूर्ण चित्राला, ६९,८८८ टी-स्टेट लागतात आणि सेकंदाला सुमारे ५०.०८ फ्रेम होतात. १२८के यंत्रात हे आकडे वेगळे आहेत: रेषेला २२८ टी-स्टेट, ३११ रेषा, फ्रेमला ७०,९०८ टी-स्टेट, आणि घड्याळ ३.५४६९ मेगाहर्ट्झ. तुमच्या उपकरणाचा पडदा मात्र सेकंदाला ६० वेळा ताजा होत असणार, कारण अशा उपकरणांचे पडदे साधारणपणे तसेच असतात. तुमच्या पहिल्या दोन तक्रारींचे मूळ या दोन आकड्यांच्या विसंगतीत आहे, असा माझा तर्क आहे, आणि तो तपासायला कोणतेही खास साधन लागत नाही.

एम्युलेटर चालू करून बेसिक या स्पेक्ट्रमच्या अंगभूत भाषेत पॉज ३००० ही आज्ञा द्या आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर वेळ मोजा. पॉज फ्रेम मोजतो, म्हणून ३००० फ्रेमना ५९.९ सेकंद लागले पाहिजेत. ५० सेकंद लागले, तर तुमचा एम्युलेटर पडद्याच्या प्रत्येक ताजेपणाला एक फ्रेम चालवतो आहे, म्हणजे जवळजवळ २० टक्के जास्त वेगाने धावतो आहे. वेळ ५९.९ आणि ५० यांच्या मधली कुठलीतरी आली आणि दर वेळी बदलली, तर दोष वेगळा आहे आणि त्याकडे मी पुढे येतो. खात्रीसाठी पॉज ३०००० द्या; त्याला ५९९ सेकंद लागले पाहिजेत. बोटाने स्टॉपवॉच दाबण्यातली चूक इतक्या लांब मोजणीत नगण्य ठरते. या काळात कोणतेही बटण दाबले जाऊ नये, कारण कळ दाबताच पॉज संपतो.

हीच गोष्ट कानानेही तपासता येते. बीप ५,९ ही आज्ञा मध्य सप्तकातल्या सी स्वरापासून नऊ अर्धस्वर वरचा ए स्वर पाच सेकंद वाजवते आणि त्याची कंपनसंख्या ४४० हर्ट्झच्या अगदी जवळ असते. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या मोबाइलमध्ये सूर जुळवण्याचे अ‍ॅप असतेच. ते समोर धरा. ५२७ च्या आसपास आकडा दिसला, तर २० टक्क्यांचा निष्कर्ष पक्का झाला. सूर सुमारे तीन अर्धस्वर चढतो, आणि तुम्हाला संगीत चढे वाटते ते यामुळेच. डोळ्यांसाठी तिसरी खूण फ्लॅशची आहे. लुकलुकणारे अक्षर दर १६ फ्रेमनी रंग उलटवते, म्हणून एका मिनिटात त्याची सुमारे ९४ आवर्तने झाली पाहिजेत. ६० हर्ट्झला बांधलेल्या एम्युलेटरमध्ये ती ११२ च्या आसपास भरतात.

दुरुस्ती करताना एक निर्णय घ्यावा लागतो: मुख्य घड्याळ कोणाचे मानायचे? माझे स्पष्ट उत्तर आहे, ध्वनीचे. ध्वनीचा बफर, म्हणजे वाजवण्यासाठी तयार ठेवलेला साठा, रिकामा होऊ लागला की पुढची फ्रेम चालवायची आणि पडद्याला त्या क्षणी तयार असलेले चित्र द्यायचे, ही रचना हातातल्या उपकरणांवर सर्वांत विश्वासार्ह ठरते. चित्र एखादी फ्रेम उशिरा आले तर डोळा ते सहन करतो. ध्वनीत पडलेली अगदी छोटी फटही कानाला टोचते. यात एक बारीक हिशेब मात्र सांभाळावा लागतो. ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे लहरीच्या उंचीची मोजमापे, धरले, तर एका फ्रेमला ८८०.५९ नमुने येतात. हा अपूर्णांक कापून फ्रेमला ८८० नमुनेच दिले आणि फ्रेमची गती दुसऱ्याच घड्याळावर ठेवली, तर सेकंदाला सुमारे तीस नमुने कमी पडतात, आणि २०४८ नमुन्यांचा बफर जवळपास ७० सेकंदांत रिकामा होऊन टक् असा आवाज येतो. तुमच्या अहवालात “मधूनच टक् होते” असे कोणी लिहिले, तर प्रथम त्या आवाजांमधले अंतर मोजून घ्या. अंतर नियमित असेल तर दोष हिशेबातला आहे. अनियमित असेल तर उपकरण कुठेतरी दमते आहे. हेडफोनच्या खोबणीतून आवाज लॅपटॉपवर घेऊन ऑडॅसिटी या ध्वनि-संपादकामध्ये लहरी पाहिल्या, की ती फट नेमकी दिसते.

काळ सुधारल्यावर संगीत जागेवर येईल, पण चित्राचे अडखळणे पूर्ण जाणार नाही, आणि त्यामुळे निराश होऊ नका. ५० फ्रेम ६० वेळा ताज्या होणाऱ्या पडद्यावर दाखवायच्या म्हणजे दर पाच फ्रेममागे एक फ्रेम दोनदा दाखवावी लागते, आणि सरकणाऱ्या चित्रात हा हिसका सेकंदाला दहा वेळा जाणवतो. पडद्याचा चालक ५० हर्ट्झ स्वीकारत असेल, तर तो उत्तम मार्ग आहे. तो स्वीकारत नसेल, तर दोन फ्रेम एकमेकींत मिसळण्यापेक्षा हिसका राहू द्यावा, असे मला वाटते, कारण मिसळलेल्या चित्रात स्पेक्ट्रमच्या रेखीव पिक्सेलचे सौंदर्य निघून जाते.

आता प्रोसेसर. लॅपटॉपवर चालणारे कार्यक्रम उपकरणावर कोसळतात, हे तुमच्या प्रश्नातले सर्वांत मोलाचे निरीक्षण आहे, कारण त्याचे एक अतिशय संभाव्य कारण सांगता येते. सी भाषेत साधा कॅर (char) हा एका बाइटचा प्रकार चिन्हयुक्त (ऋण मूल्येही घेणारा) मानायचा की चिन्हरहित, हे भाषा ठरवत नाही. लॅपटॉपच्या एक्स८६ प्रोसेसरवर तो सहसा चिन्हयुक्त असतो, तर एआरएमवरच्या लिनक्समध्ये चिन्हरहित. झेड८०च्या सापेक्ष उड्या आणि आयएक्स, आयवाय या रजिस्टरांच्या (प्रोसेसरमधल्या साठवणीच्या छोट्या जागांच्या) आधाराने पत्ता काढणाऱ्या सूचना एका बाइटमध्ये −१२८ ते १२७ असे अंतर ठेवतात. लॅपटॉपवर −५ समजला जाणारा तो बाइट उपकरणावर २५१ समजला जातो. उड्यांच्या कोडमध्ये तुम्ही प्रकार स्पष्ट लिहिला असेल आणि आयएक्सच्या कोडमध्ये साधा कॅर राहिला असेल, तर जिथे ऋण अंतरे येतात तेवढेच कार्यक्रम कोसळतील आणि बाकी सारे सुरळीत दिसेल. कंपायलरला कॅर चिन्हयुक्त मानायला सांगून एकदा बांधणी करून पाहा. कोसळणे थांबले, तर निदान झाले. मात्र तो पर्याय तसाच ठेवून पुढे जाऊ नका. कोडमध्ये सर्वत्र ठरावीक रुंदीचे, चिन्ह स्पष्ट असलेले प्रकार वापरा.

त्यानंतर प्रोसेसरची पद्धतशीर परीक्षा घ्यायची. फ्रँक क्रिंगल यांचा झेक्सऑल हा कार्यक्रम बहुतेक सूचना असंख्य आदानांवर चालवून निकालांची बेरीज खऱ्या चिपच्या बेरजेशी ताडून पाहतो. खऱ्या वेगाने त्याला काही तास लागतात, म्हणून वेगाची मर्यादा काढून तो आधी लॅपटॉपवर आणि मग त्याच कोडनिशी उपकरणावर चालवा. दोन्ही निकाल अक्षरशः सारखे आले पाहिजेत. पॅट्रिक राक यांचा झेड८०टेस्ट हा संच स्पेक्ट्रमवरच चालतो आणि अधिक खोलात जातो: फ्लॅग रजिस्टरमधले (शेवटच्या क्रियेच्या निकालाच्या खुणा ठेवणाऱ्या जागेतले) अधिकृत पुस्तिकेत न सांगितलेले, शून्यापासून मोजता ३ व ५ क्रमांकाचे बिट, मेमपीटीआर हे आतले लपलेले रजिस्टर, आणि एससीएफ व सीसीएफ या सूचनांचे चमत्कारिक वर्तन, सारे तो तपासतो. पहिल्या आवृत्तीत यातले सर्व उत्तीर्ण झालेच पाहिजे, असा माझा आग्रह नाही. दस्तऐवजात असलेल्या फ्लॅगची परीक्षा मात्र पूर्ण उत्तीर्ण व्हावी आणि उरलेल्यांत काय अनुत्तीर्ण झाले, ते नोंदलेले असावे.

लोड होताना थांबणाऱ्या गेमकडे यानंतर वळा. तुमचा एम्युलेटर बहुधा रॉममधला (यंत्राच्या कायमस्वरूपी स्मृतीतला) १३६६ हा टेप-वाचनाचा पत्ता पकडून टेपवरचा डेटा थेट रॅममध्ये भरतो. ज्या गेमनी स्वतःचा लोडर, म्हणजे टेप वाचणारा कोड, लिहिला, ते त्या पत्त्याकडे कधी जातच नाहीत; त्यांना टेपचे खरे स्पंद लागतात. आधी ही झटपट सोय बंद करा आणि टेपची नक्कल असलेली एक साधी टॅप फाइल पूर्ण वेळ घेऊन लोड होऊ द्या. सुरुवातीच्या संथ सुरातला प्रत्येक स्पंद २१६८ टी-स्टेटचा, मग ६६७ व ७३५ चे दोन जुळवणीचे स्पंद, आणि त्यापुढे शून्याला ८५५ चे दोन व एकाला १७१० चे दोन स्पंद, अशी मूळ रॉमची रचना आहे. हे लोडिंग चालू असताना चित्राभोवतीच्या चौकटीकडे नीट पाहा. सुरुवातीला लाल व आकाशी रुंद पट्टे आणि नंतर निळे व पिवळे बारीक पट्टे दिसले पाहिजेत. संपूर्ण चौकट एकाच रंगाने लुकलुकत असेल, तर तुम्ही चौकटीचा रंग फ्रेमला एकदाच घेत आहात, आणि चित्राचा सगळा भाग रेषेनुसार पुन्हा लिहावा लागेल. चौकटीची ही परीक्षा मला फार प्रिय आहे, कारण ती एका नजरेत यूएलएची किती बाजू उभी राहिली आहे, हे सांगते.

स्वतःचा लोडर असलेले गेम तरीही थांबत असतील, तर आर रजिस्टर तपासा. त्याचे खालचे सात बिट सूचना वाचताना वाढत जातात, उपसर्ग असलेल्या सूचनांसाठी दोनदा, आणि आठवा बिट आर मध्ये स्वतः मूल्य घातल्याशिवाय बदलत नाही. जुन्या संरक्षणांनी हे मूल्य कोड उलगडण्याची किल्ली म्हणून वापरले आहे. मग व्यत्यय (इंटरप्ट), म्हणजे दर फ्रेमला यूएलएकडून प्रोसेसरला जाणारा संकेत, तपासा. ४८के यंत्रात व्यत्ययाची रेषा फ्रेमच्या आरंभी सुमारे ३२ टी-स्टेटच खाली राहते. तो स्वीकारला जाईपर्यंत तुम्ही त्याला थांबवून धरत असाल, तर जे गेम मुद्दाम व्यत्यय बंद ठेवतात, त्यांना तो भलत्या वेळी मिळतो. व्यत्यय चालू करणाऱ्या ईआय सूचनेनंतरची एक सूचना पूर्ण होईपर्यंत व्यत्यय येता कामा नये. व्यत्यय-पद्धत २ (आयएम २) मध्ये डेटा-वाहिनीवर २५५ हे मूल्य मिळाले पाहिजे. तिथे शून्य देणारे एम्युलेटर मी पाहिले आहेत, आणि त्यांच्यावर अनेक गेम संगीत सुरू होण्याच्या क्षणी कोसळतात.

स्मृतीतल्या स्पर्धेचा प्रश्न मी मुद्दाम इतक्या उशिरा घेतो आहे. १६३८४ ते ३२७६७ या पत्त्यांतली रॅम यूएलए आणि प्रोसेसर दोघेही वापरतात, आणि चित्राच्या १९२ रेषा काढताना प्रत्येक रेषेत १२८ टी-स्टेटपर्यंत यूएलएला अग्रक्रम असतो. त्या काळात प्रोसेसरला ६, ५, ४, ३, २, १, ०, ० या क्रमाने थांबावे लागते, आणि ४८के यंत्रात पहिला विलंब १४,३३५ व्या टी-स्टेटला सुरू होतो. तुमच्या एम्युलेटरमध्ये हे आहे की नाही, हे पाहायला यंत्रभाषेतले मोजणीचे एकच छोटे आवर्तन एकदा २५००० या पत्त्यावर आणि एकदा ४०००० या पत्त्यावर ठेवून दोन्हींची वेळ घ्या. पहिले स्पष्टपणे संथ चालले पाहिजे. दोन्ही सारखेच चालले, तर स्पर्धा अजून लिहिलीच गेलेली नाही. अ‍ॅक्वाप्लेन या गेममध्ये समुद्राचे क्षितिज चौकटीपर्यंत पोचते, ते जागेवर राहते की थरथरते, हे पाहणे उपयोगी आहे. अर्कनॉइड व कोब्रा हे गेम तर यूएलए त्या क्षणी वाचत असलेला बाइट रिकाम्या, म्हणजे कोणतेही उपकरण न जोडलेल्या, पोर्टमधून पकडतात, ज्याला तरंगती वाहिनी म्हणतात. ते चालू लागले, की तुमची वेळगणना पुष्कळ परिपक्व झाली असे समजा. पहिल्या आवृत्तीत हे नसले तरी चालेल.

पडद्याच्या बाबतीत तुमचे उपकरण भाग्याचे आहे. स्पेक्ट्रमचे चित्र २५६ बाय १९२ आहे. डाव्या-उजव्या बाजूंना ३२ आणि वर-खाली २४ पिक्सेलची चौकट घेतली, तर ३२० बाय २४० होते, आणि त्याचे नेमके दुप्पट म्हणजे तुमचा ६४० बाय ४८० पडदा. चौकट काढून चित्र पडदाभर ताणले, तर पट २.५ येते आणि एकाआड एक स्तंभ दोन व तीन पिक्सेल रुंद होतात. १७० आणि ८५ या मूल्यांची बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी पडद्यावर भरून पाहा. विस्तार असमान असेल, तर तिथे लगेच पट्टे उमटतात. रंग आठ आणि उजळपणा दोन, पण काळा दोन्हींत सारखाच, म्हणून वेगळे रंग पंधराच दिसले पाहिजेत.

हातांची चाचणी घाईने उरकू नका. स्पेक्ट्रमला ४० कळा आहेत आणि तुमच्या उपकरणाला मूठभर बटणे, म्हणून पडद्यावरचा कळफलक आवश्यकच आहे. वर सांगितलेली बीप ही आज्ञा त्याच्यासाठीही चांगली कसोटी आहे: तिच्यासाठी कॅप्स शिफ्ट व सिंबॉल शिफ्ट एकत्र दाबून विस्तारित अवस्थेत जावे लागते आणि मग सिंबॉल शिफ्टसह झेड दाबावा लागतो. शिफ्ट दाबून ठेवलेली राहण्याची सोय नसेल, तर ही आज्ञा देताच येणार नाही. जॉयस्टिकमध्ये केम्प्स्टन पद्धत पोर्ट ३१ वर वाचली जाते आणि काही दाबलेले नसताना तिथे शून्य यावे. तिथे २५५ मिळाले, तर नायक आपोआप धावत सुटतो आणि गोळ्याही झाडतो. कळफलकाच्या पोर्ट २५४ वर काहीच दाबलेले नसताना नंतरच्या बोर्डांवर १९१ मिळते आणि सुरुवातीच्या बोर्डांवर २५५ मिळू शकते. काही जुने गेम पूर्ण बाइट ताडून पाहतात, म्हणून दोन्ही पर्याय ठेवावेत. बटण दाबल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा विलंब मोजायला मोबाइलचा सेकंदाला २४० चित्रांचा मंदगती व्हिडिओ पुरतो. अंगठा आणि पडदा एकाच चौकटीत घेऊन मधली चित्रे मोजा; प्रत्येक चित्र ४.२ मिलिसेकंदांचे. ध्वनीचा २०४८ नमुन्यांचा बफर एकटाच ४६ मिलिसेकंद खातो, हे तेव्हा दिसून येईल.

उपकरण हातातले आहे, म्हणून ते टेबलावरून उठवून बाहेर न्या. सिटीलिंकच्या बसने निमाणीहून नाशिक रोडपर्यंत जाताना खेळ मध्येच थांबवून उपकरण झोपवा, खिशात ठेवा आणि उतरल्यावर जागे करा. जागे होताच गेम काही क्षण पिसाटासारखा धावला, तर तुमचा कोड भिंतीवरच्या घड्याळाची वेळ वाचतो आहे आणि झोपेत बुडालेल्या सगळ्या फ्रेम भरून काढू पाहतो आहे. त्याऐवजी लिनक्सचे मोनोटॉनिक घड्याळ वापरा आणि एका वेळी भरून काढायच्या फ्रेमना मर्यादा घाला. पॉजची वेळ दर वेळी बदलते, असे मी वर म्हटले, त्याचे कारणही बहुधा असेच बाहेरचे असते. स्पेक्ट्रमचे काम हलके असल्यामुळे लिनक्सचा वेग-नियंत्रक प्रोसेसरला खालच्या वेगावर उतरवतो, आणि टेप लोड होताना काम अचानक वाढले, की त्याला वर यायला उशीर होतो. प्रोसेसरचा वेग स्थिर ठेवून तीच चाचणी पुन्हा घ्या आणि फरक पाहा. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे दुपारी पारा चाळिशीपर्यंत जातो. त्या उकाड्यात चार्जिंगला लावून पॉज ३०००० ची चाचणी एकदा जरूर घ्यावी.

एक सूचना खास आपल्या देशासाठी आहे. १९८० च्या दशकात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने डीबी स्पेक्ट्रम प्लस या नावाने परवान्याखाली हा संगणक भारतात विकला होता. तुमच्या ओळखीत एखाद्याच्या माळ्यावर तो चालू स्थितीत सापडला, तर त्याचा बीप, टेप लोड होतानाचा व्हिडिओ आणि पॉजची वेळ नोंदवून घ्या. खऱ्या यंत्राची अशी नोंद कोणत्याही चाचणी-कार्यक्रमाइतकीच मोलाची आहे.

आता मित्रांना आवृत्ती देण्याविषयी. पॉज, बीप, चौकटीचे पट्टे आणि प्रोसेसरची मूळ परीक्षा, एवढ्या चार गोष्टी लॅपटॉप व उपकरण दोन्हींवर उत्तीर्ण झाल्या, की खुशाल द्या. १९८६ साली सिंक्लेअरचा संगणक-व्यवसाय विकत घेणाऱ्या अ‍ॅमस्ट्रॅडने १९९९ साली रॉमच्या प्रती एम्युलेटरसोबत देण्यास परवानगी दिली आहे, मात्र त्यातला हक्काचा मजकूर बदलू नये. गेमचे हक्क त्यांच्या त्यांच्या मालकांचे आहेत, म्हणून ते सोबत देऊ नका. प्रत्येक मित्राकडून आवृत्तीचा क्रमांक, निवडलेले यंत्र ४८के की १२८के, झटपट लोडिंग चालू की बंद, आणि दोष दिसला त्या क्षणीची स्मृतीची प्रत मागून घ्या. ही प्रत ४८के यंत्रासाठी ४९,१७९ बाइटच्या एसएनए स्वरूपात घेऊ नका, कारण ते स्वरूप प्रोग्राम काउंटर (पुढच्या सूचनेचा पत्ता) स्टॅकवर (रॅममधल्या तात्पुरत्या साठवणीच्या भागात) ढकलून ठेवते आणि त्यामुळे स्टॅकखालचे दोन बाइट पुसले जातात. दोष नेमका तिथेच असेल, तर तो कायमचा हातातून जाईल. झेड८० नावाच्या फाइल-स्वरूपात प्रत घेण्याची सोय मेनूमध्ये सहज सापडेल अशा जागी ठेवा आणि तिच्यासाठी एक बटण राखून ठेवा.